ऑर्लँडोच्या पाच दिवसांत केनेडी स्पेस सेंटर बसवायचं का?

जास्वंदी
नमस्कार मंडळी. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात आम्ही ऑर्लँडोला चाललोय. आम्ही म्हणजे मी, नवरा, ९ वर्षांचा मुलगा, ४ वर्षांची मुलगी आणि पुण्याहून आलेले सासू-सासरे. राहणार न्यू जर्सीत. पाच दिवस हातात, त्यातले चार डिस्नेला, एक पोहायला आणि लोळायला, असं ठरलं होतं. काल जेवताना नवऱ्याने पिल्लू सोडलं, "एवढे लांब जातोय तर एक दिवस केनेडी स्पेस सेंटर करू की." तेव्हापासून घरात दोन पक्ष पडलेत.

माझं म्हणणं असं की धाकटीला त्यातलं काही कळणार नाही, सासूबाईंचा गुडघा दुखतो, आणि एंटरप्राइझ नावाचं स्पेस शटल आम्ही न्यूयॉर्कला इंट्रेपिड या जहाजावरच्या संग्रहालयात पाहिलेलं आहे. पुन्हा तेच बघायला साडेचारशे डॉलर? थोरला "मला चालेल" म्हणतो, पण त्याला विमानतळावरची बससुद्धा चालते. सासऱ्यांना विचारलं तर नेहमीचं उत्तर, "आमचं काय, तुम्ही न्याल तिकडे येऊ."

डिस्नेची तिकिटं अजून काढलेली नाहीत. कोणी लहान मुलं आणि ज्येष्ठ अशी वरात घेऊन गेलं असेल तर खरं खरं सांगा.

पोळपाट
जा. डोळे झाकून जा. खायला थेपले न्या. बाकी इतर लोक सांगतीलच.

भटक्या_अण्णा
तीनदा गेलोय, दोनदा पाहुण्यांना घेऊन. जरा सविस्तर लिहितो.

ऑर्लँडोहून गाडीने तासाभराचा रस्ता. ५२८ नंबरचा बीचलाइन एक्स्प्रेसवे, टोल आहे. तुमचा जर्सीचा ईझीपास तिकडे चालतो, तो बॅगेत टाका, नाहीतर भाड्याच्या गाडीवाले टोलवर वेगळे पैसे लावतात.

आत गेल्यावर मुख्य आवारात रॉकेट गार्डन, अटलांटिस शटलची इमारत, गेटवे नावाचं नव्या यानांचं दालन वगैरे आहे. पण अपोलो-सॅटर्न ५ केंद्र (सॅटर्न ५ म्हणजे चंद्रावर माणसं नेणारं रॉकेट) तिथे नाही, काही मैल आत आहे. तिकडे त्यांच्याच बसने जायचं, तिकिटात धरलेलं असतं. बस वाटेत व्हेईकल असेंब्ली बिल्डिंगजवळून जाते, जिथे रॉकेटं जोडतात. ५२५ फूट उंच, बाहेरून एखादा ठोकळा वाटतो, त्यामुळे पहिल्या नजरेत मोठेपणा कळतच नाही. तिच्यावर रंगवलेला झेंडा २०९ फूट उंचीचा आहे, म्हणजे साधारण वीस मजली इमारत. हे ऐकल्यावर परत वर बघितलं जातं. लांबून ३९ए आणि ३९बी हे लाँचपॅड दिसतात.

सगळ्यात महत्त्वाचं, सकाळी गेट उघडताना हजर राहा आणि आधी बस पकडा. शेवटची बस दुपारीच सुटते. लोक अटलांटिसमध्ये रमतात, जेवतात, मग बसकडे जातात आणि तोवर बस गेलेली असते.

सॅटर्न ५ तिथे आडवं टांगलेलं आहे, ३६३ फूट. त्याच्या खालून चालायचं. अशी खरी रॉकेटं जगात तीनच उरलीत. दुसरं ह्यूस्टनला, तिसरं हंट्सव्हिलला. चंद्राच्या दगडाला हात लावता येतो. अपोलो १४ चं यान तिथेच आहे, समुद्रात उतरलेलं.

अटलांटिसच्या इमारतीत आधी एक फिल्म दाखवतात. ती बघताना कडेने सटकू नका. शेवटी जे होतं ते इथे सांगणार नाही.

उंबरठा
मी विरोधी पक्षात. गेल्या जुलैत आम्ही हाच प्रकार केला. मुलगी तेव्हा साडेतीन वर्षांची. आदल्या रात्री डिस्नेची आतषबाजी बघून साडेअकराला हॉटेलवर आलो, सकाळी कोणाला जाग येईना, केनेडीला पोहोचलो एक वाजता. रॉकेट गार्डनमध्ये फोटो काढले, जेवलो, तेवढ्यात फ्लोरिडाचा दुपारचा ठरलेला गडगडाटी पाऊस आला. मुलगी रडायला लागली. बस चुकली. सॅटर्न आम्ही पाहिलेलंच नाही. चूक आमचीच होती हे मान्य, पण लहान मूल असलं की अशा चुका होतातच, हे कोणी लिहीत नाही म्हणून लिहिलं. पूर्ण दिवस देणार नसाल तर जाऊच नका. "जाता जाता करू" अशी ही जागा नाही.

जास्वंदी
उंबरठा, तुमचं वाचून अगदी आमचंच घर डोळ्यासमोर आलं. साडेअकराची आतषबाजी आमच्याही यादीत आहे.

गोंधळी
मी जन्मात गेलेलो नाही, पण माझं मत आहे. (धागा चालू राहावा म्हणून.)

अर्धा_कप
जास्वंदी, "एंटरप्राइझ पाहिलंय, पुन्हा तेच" याबद्दल थोडं बोलते. मीही तेच म्हणत होते. एंटरप्राइझ अवकाशात कधी गेलंच नाही. १९७७ साली विमानाच्या पाठीवरून सोडून ते उतरवण्याच्या चाचण्या घेतल्या, तेवढंच. अटलांटिस ३३ वेळा जाऊन आलंय. शेवटचं उड्डाण जुलै २०११, शटलच्या सगळ्याच उड्डाणांमधलं शेवटचं. त्याच्या अंगावर ते दिसतं. टाइल्स भाजलेल्या, पट्टे ओढल्यासारखे. शिवाय ते जमिनीवर ठेवलेलं नाही, तिरकं टांगलंय, सामानाचे दरवाजे उघडे, यंत्रहात बाहेर काढलेला. लग्नाच्या हॉलमध्ये उभी केलेली बैलगाडी आणि शेतातून आत्ता आलेली बैलगाडी, एवढा फरक.

आणि सुनीता विल्यम्स पहिल्या मोहिमेहून २००७ मध्ये परत आली ती याच अटलांटिसमधून. थोरल्याला हे सांगा. शुभांशु शुक्लाचं रॉकेट २५ जून २०२५ ला ज्या ३९ए वरून उडालं तो पॅड बसमधून दाखवतात. अपोलो ११ पण तिथूनच गेलं होतं. आमच्या लेकीला आर्मस्ट्राँगपेक्षा शुक्लाचं कौतुक जास्त होतं, कारण ते तिने स्वतः टीव्हीवर पाहिलेलं.

हिशेबनीस
पैशांचं बघू. मोठ्यांचं तिकीट ७५ डॉलरच्या आसपास, ३ ते ११ वयाच्या मुलांचं त्याहून दहाएक कमी. चार मोठे, दोन लहान, वर कर, पार्किंगचे १५. साडेचारशेच्या पुढे जाणार, जास्वंदीचा अंदाज बरोबर आहे.

पण डिस्नेचा एक दिवस कमी केला की तेवढे पैसे सुटतील असं समजू नका. त्यांचा हिशेब उलटा असतो, जितके दिवस जास्त तितका दर दिवसाचा भाव कमी. चौथा दिवस काढला तर हातात फारसं काही येत नाही. म्हणजे केनेडी हा जवळजवळ पूर्ण वाढीव खर्च धरा. अर्थात डिस्नेच्या दिवशी जे खाणं, फुगे आणि कानवाल्या टोप्या होतात ते मी यात धरलेलं नाही. ते धरलं तर फिटंफाट.

जास्वंदी
टोप्यांवर बोलू नका हो. मागच्या वेळच्या तीन आहेत घरात.

मोगरा_७
एक वेगळा मुद्दा. अटलांटिसच्या इमारतीत चॅलेंजर आणि कोलंबिया या दोन शटलच्या अपघातांत गेलेल्या चौदा जणांचं स्मारक आहे. प्रत्येकासाठी वेगळी पेटी, त्यांच्या वापरातल्या, आवडीच्या वस्तू. पुढे दोन्ही यानांचे सापडलेले अवशेष, चॅलेंजरचा झेंडा रंगवलेला पत्रा आणि कोलंबियाच्या खिडक्यांच्या चौकटी. कल्पना चावला तिथे आहे. १ फेब्रुवारी २००३ ला मी बारावीत होते. प्रॅक्टिकल्सचे दिवस, सगळी मुलींची बॅच रडत होती. मला वाटलं होतं आता वीस वर्षं झाली, काही वाटणार नाही. वाटलं.

४ वर्षांच्या मुलीला तिथे नेण्यात काही हरकत नाही, भीतीदायक काही दाखवलेलं नाही. पण तिला कोणीतरी बाजूला घेतलं तर बरं, म्हणजे मोठ्यांना दोन मिनिटं मिळतील. त्याच इमारतीत मोठी घसरगुंडी आहे, शटल किती तिरपं उतरायचं ते कळावं म्हणून केलेली. तिला तिथे सोडा.

शनिवारवाडेकर
धागा दोन दिवस वाचतोय. बायकामुलांच्या सोयीचं सगळ्यांनी लिहिलं, आता मी सासऱ्यांच्या बाजूने लिहितो, कारण मी स्वतः त्या जागी बसलेलो आहे. वय ६८, मुलगा टेक्सासला.

"तुम्ही न्याल तिकडे येऊ" हे उत्तर नाही, ती आमच्या पिढीची सवय आहे. सहा महिने दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या गाडीत आणि दुसऱ्याच्या पैशांवर असताना माणूस दुसरं काय बोलणार? मुलं सुट्टी काढतात, डॉलर मोजतात, ते दिसत असतं. मग वाटतं, नातवंडांची हौस होऊ दे. मला माझ्या मुलाने पहिल्या भेटीत चार आउटलेट मॉल दाखवले. मी प्रत्येक ठिकाणी बाकावर बसून "छान आहे" म्हणालो. ह्यूस्टनचं स्पेस सेंटर त्याच्या घरापासून चाळीस मिनिटांवर होतं. मी बोललो नाही. त्याने विचारलंही नाही, त्याला वाटलं बाबांना चालणं झेपणार नाही. चार मॉलमध्ये मी किती चाललो याचा हिशेब कोणी केला नाही.

मी १२ वर्षांचा होतो तेव्हा माणूस चंद्रावर उतरला. आपल्याकडे २१ जुलैची सकाळ होती. टीव्ही कुठला, वाड्यात एकच रेडिओ, त्याच्याभोवती सगळे. त्याच वर्षी ते तिघे अंतराळवीर जगाच्या दौऱ्यावर निघाले आणि ऑक्टोबरात मुंबईलाही आले. आमचे काका गिरगावात राहायचे, ते गर्दीत जाऊन आले होते. त्यांना प्रत्यक्षात काय दिसलं कोण जाणे, पण पुढची वीस वर्षं दर लग्नात ते आर्मस्ट्राँगबद्दल असं बोलायचे की जणू तो त्यांच्याकडे पिठलं-भाकरी खाऊन गेला.

जास्वंदीताई, तुमचे सासरे काय काम करायचे?

जास्वंदी
काका, वाचून जरा गप्पच झाले. सासरे एसटीत होते, दापोडीच्या वर्कशॉपमध्ये, इंजिन विभागात. ३४ वर्षं. आमच्या डिशवॉशरचा आवाज ऐकून "बेअरिंग गेलंय" म्हणाले होते आणि गेलंच होतं.

शनिवारवाडेकर
मग तुम्ही हा धागा कशाला काढलात?

पोळपाट
😀 +१००

दर्यावर्दी_एफएल
मी तिथून अर्ध्या तासावर राहतो, त्यामुळे दर महिन्याला कोणीतरी फोन करतं, "आम्ही येतोय, रॉकेट दिसेल ना?" ते एकदाचं लिहून टाकतो.

हल्ली लाँच वारंवार होतात, पण ठरलेल्या वेळी होतीलच असं नाही. वरच्या हवेत वारा जास्त, समुद्रात बंद केलेल्या भागात कोणाची तरी बोट, एखादा सेन्सर. झालं, उद्यावर गेलं. माझ्या मेहुण्याने तीन दिवस पुढे ढकललेल्या लाँचसाठी हॉटेल वाढवलं आणि विमानात बसल्यावर ते उडालं. तेव्हा रॉकेटसाठी सहल आखू नका, सहलीत रॉकेट सापडलं तर घ्या. रात्रीचं असेल तर ऑर्लँडोहूनसुद्धा पूर्वेला दिसतं. जवळून बघायचं तर टायटसव्हिलला खाडीकाठी फुकटात उभं राहता येतं. मात्र लाँचच्या दिवशी बसचा मार्ग बदलू शकतो, ते आधी बघून घ्या.

आणि हो, तो सगळा परिसर अभयारण्य आहे. रस्त्याकडेच्या पाण्यात मगरी पहुडलेल्या असतात (खरं तर ॲलिगेटर, पण आपल्याकडच्या पाहुण्यांसाठी मगरीच). बसमधून गरुडाचं भलंमोठं घरटं दाखवतात. तुमच्या धाकटीला रॉकेटपेक्षा मगर आवडेल, लिहून घ्या.

उंबरठा
एक प्रामाणिक दुरुस्ती. माझा विरोध अर्धवट जाण्याला आहे. शनिवारवाडेकरांचं वाचून माझ्या वडिलांना फोन केला. त्यांनी विचारलं, "का गं, परत जाणार आहात का तिकडे?" इतकंच.

जास्वंदी
ठरलं. डिस्ने तीन दिवस, मग एक दिवस काहीच नाही, आणि त्यानंतर केनेडी. म्हणजे आदल्या रात्री आतषबाजी नाही, सगळे नऊला झोपतील (असं म्हणायचं). सासूबाईंसाठी तिथे व्हीलचेअर मिळते असं कळलं. त्या म्हणाल्या, मी काय म्हातारी आहे का? आल्यावर लिहिते.

जास्वंदी
आलो! धागा वर काढतेय. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

साडेसातला निघालो. गेट उघडताना हजर. बस पहिलीच मिळाली. बाबा (सासरे) खिडकीत. आई आधी व्हीलचेअरला नाही म्हणाल्या, दहा मिनिटांनी बसल्या आणि नंतर दिवसभर उठल्या नाहीत, उलट "इकडे घे, तिकडे घे" सुरू झालं.

बसमध्ये असेंब्ली बिल्डिंगजवळ रस्त्याला समांतर एक रुंद खडीचा पट्टा दिसला. त्यावरून रॉकेट उभंच्या उभं लाँचपॅडपर्यंत नेतात. नेणारं वाहन म्हणजे क्रॉलर, ते थोडं पुढे उभं होतं. पत्र्याच्या मोठ्या शेडला रणगाड्याचे पट्टे लावावेत तसं. आठ पट्टे, वजन सुमारे २७०० टन, १९६५ सालचं बांधकाम आणि अजून चालू. भरल्यावर वेग ताशी एक मैल. बाबा सरळ होऊन बसले. पहिला प्रश्न, "ॲव्हरेज किती देते?"

थोरल्याने फोनवर शोधलं. एका मैलाला सुमारे १२५ गॅलन डिझेल. बाबांनी खिशातून पेन काढलं आणि बसच्या नकाशाच्या मागे गणित मांडलं.

सॅटर्नच्या इमारतीत आम्ही दोन तास होतो. गंमत म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय असं आम्ही समजत होतो तो थोरला वीस मिनिटांत कंटाळला आणि "दुकान कुठे आहे" विचारायला लागला. बाबा मात्र पहिल्या टप्प्याच्या पाच इंजिनांखाली मान वर करून उभे. एक एक पाइप कुठून निघून कुठे जातो ते बोटाने हवेत काढत होते. शेवटी नवरा त्यांना आणायला गेला, तर तोही तिथेच थांबला. दोघे बाप-लेक एवढा वेळ एकत्र उभे राहून बोलताना मी लग्नानंतर बारा वर्षांत पहिल्यांदा बघितले.

आईंचा प्रश्न मात्र सगळ्यात भारी होता. तिथे लिहिलं होतं की शेवटच्या सॅटर्न ५ ने १९७३ मध्ये स्कायलॅब हे अंतराळस्थानक वर नेलं. आई म्हणाल्या, "म्हणजे ते स्कायलॅब ह्यानेच वर नेलं होय?" १९७९ ला त्या माहेरी होत्या, कऱ्हाडजवळ. स्कायलॅब डोक्यावर पडणार म्हणून गावात लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या, मरायचंच आहे तर खाऊन मरू. त्यांच्या आईने लग्नासाठी राखलेलं तूपसुद्धा काढलं. आणि ते पडलं लांब, हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात. "आमचं तूप गेलं ते गेलंच," म्हणत त्यांनी रॉकेटकडे असं बघितलं की शेजारचे अमेरिकन आजोबा विचारायला आले, काय झालं म्हणून. नवऱ्याने भाषांतर केलं. ते खूप हसले.

अटलांटिस. फिल्मच्या शेवटी जे होतं ते आता मीही सांगणार नाही. धाकटीने टाळ्या वाजवल्या. टाइल्सजवळ बाबा परत अडकले. चोवीस हजारांच्या आसपास टाइल्स, आणि जवळजवळ प्रत्येकीचा आकार वेगळा, प्रत्येकीला नंबर. बाबा म्हणाले, "म्हणजे स्टोअरला चोवीस हजार पार्ट वेगवेगळे सांभाळायचे? आमच्याकडे एक गॅस्केट मिळवायला चार सह्या लागायच्या."

मोगरा, तुमचं ऐकलं. नवरा मुलांना घसरगुंडीवर घेऊन गेला. मी, आई आणि बाबा आत गेलो. कल्पनाच्या पेटीसमोर आईंनी चप्पल काढली. मी काही बोलले नाही, मीही काढली.

राहिलं बरंच. गेटवे पाहिलंच नाही, रॉकेट गार्डन निघताना अंधारात. सिम्युलेटरमध्ये थोरला एकटा बापाबरोबर गेला आणि त्याच्या मते पूर्ण दिवसात तेवढंच बघण्यासारखं होतं. लाँच नव्हतं. मगर दिसली, दर्यावर्दी, तुम्ही पैज जिंकलात, धाकटी शाळेत फक्त मगरीबद्दल सांगतेय. खर्च धरला होता त्यापेक्षा पस्तीस डॉलर जास्त, कारण दुकान.

शनिवारवाडेकर
वाचलं. दोनदा. ते नकाशामागचं गणित काय निघालं, ते लिहिलंच नाहीत.

जास्वंदी
बाबा शेजारीच बसलेत, ते सांगतात तसं टाकते. एसटीत ॲव्हरेज दहा लिटरला किती किलोमीटर असं मोजतात. लालपरी चांगली ठेवली तर दहा लिटरला ४५ ते ५० किलोमीटर. क्रॉलर दहा लिटरला ३४ मीटर. "किलोमीटर नव्हे, मीटर लिही नीट. आमच्या डेपो मॅनेजरने ड्रायव्हरला त्याच दिवशी घरी बसवला असता."

पोळपाट
सगळं छान. थेपले टिकले का?

जास्वंदी
बसमध्ये बसायच्या आधीच संपले.